खाडीच्या अलीकडचा नॉर्वे

९ मे १९३१

आम्ही हा मुलूख नॉर्वेच्या नावावर करणार आहोत! आम्ही म्हणजे मी आणि सेवेरिन. खरं सांगायचं तर सध्या मीच. सेवेरिन अजून विचार करतो आहे.

झालं असं, की सकाळी तारयंत्रावर नॉर्वेतल्या ऑलेसुंदहून कंपनीचा निरोप आला. यंत्राचं हँडल मी गरागरा फिरवायचं आणि नवऱ्याने कानाला डबी लावून टकटक ऐकायची, अशी आमची वाटणी आहे. घाम माझा निघतो आणि बातमी त्याला आधी कळते. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, कोणीतरी गेलं. तसं नव्हतं. कोल्ह्यांच्या कातड्यांना आता गिऱ्हाईक उरलेलं नाही, तेव्हा ऑगस्टमध्ये येणाऱ्या बोटीने परत या, शिकारीचं ठाणं बंद करायचं आहे, एवढंच. माझ्या हातातून हँडल सुटलं तसा सेवेरिन ओरडला, "अगं फिरव, अजून संपलं नाही!"

निरोपाला शेपूट होतं. पूर्व ग्रीनलंडचा हा भाग नॉर्वेचा ठरला, तर सरकार स्वतःच्या खर्चाने ठाणी चालू ठेवील, कारण मग इथे आपली माणसं राहायलाच हवीत.

म्हणजे सरळ आहे. मुलूख नॉर्वेचा, तर हे घर माझं. नाहीतर ऑगस्टपासून पुन्हा नॉर्वेतल्या त्याच्या बेटावर, सासूबाईंच्या माडीवर, जिथे चमचा कुठल्या खणात ठेवायचा हेसुद्धा माझ्या हातात नाही. इथे दोन वर्षांत मी बंदूक चालवायला शिकले, सापळे लावायला शिकले, कुत्र्यांना शिव्या द्यायला तर फारच छान शिकले. राजा आणि नकाशा यांचं मला फारसं काही पडलेलं नाही, हे या वहीत लिहायला हरकत नाही. मला इथे राहायचं आहे.

डेन्मार्क म्हणतो, अख्खं ग्रीनलंड आमचं. आपले लोक म्हणतात, या किनाऱ्यावर तुमचं माणूसच राहत नाही, तर तुमचं कसं? जो हिवाळा काढतो त्याचा मुलूख. हिवाळा तर आम्ही काढतो. (खाडीच्या पलीकडे विलाड्स राहतो आणि तो डॅनिश आहे, पण तो काय, एकटाच आहे.)

"झेंडा लावला की देश होतो होय?" सेवेरिनने विचारलं.

"मग कसा होतो?"

तो उठला, बाहेर जाऊन दगडावर बसला आणि बर्फाच्या पलीकडे दक्षिणेला बघत राहिला. हवेचा अंदाज घेत असावा. हवेच्या बाबतीत फार दक्ष आहे तो.

१७ मे

देशाचा सण, आणि देश घ्यायला निघालेल्यांकडे झेंडा नाही! होता तो पहिल्याच हिवाळ्यात वाऱ्याने फाडून नेला. गेल्या वर्षी मी दाराला लाल हातमोजा टांगून वेळ मारून नेली होती. पण हातमोजा टांगून मुलूख घेता येत नाही, एवढा कायदा मलाही कळतो.

दुपारी विलाड्स स्लेज घेऊन आला. हा डॅनिश माणूस आमचा सण आमच्याहून जास्त पाळतो, कारण सणाला मी वॉफल करते.

"डोंगरातली माकडं जागी आहेत का?" तो दारातूनच ओरडला. डॅनिश लोक आम्हाला याच नावाने चिडवतात, आणि आम्ही त्यांना त्यांच्या बोलण्यातल्या बटाट्यावरून.

"आहेत. तोंडातला गरम बटाटा आधी गिळ, म्हणजे काय बोलतोस ते कळेल."

त्याने सहा वॉफल खाल्ले आणि सातवा बिशपसाठी मागितला. बिशप म्हणजे त्याच्या स्लेजचा सगळ्यात पुढे धावणारा कुत्रा. मग आम्ही यायच्या आधीच्या हिवाळ्याची ती गोष्ट त्याने पुन्हा सांगितली. त्याचा जोडीदार ओगे त्या वर्षी हिवाळ्यातला महिनोनमहिन्यांचा अंधार सुरू व्हायच्या सुमाराला वारला. मग विलाड्स चुलीशी गप्पा मारायचा. दोन कप मांडायचा आणि ओगेच्या वाटची कॉफी गार झाली की त्याच्यावर चिडायचा. "पुढच्या उन्हाळ्यात तुमची बोट दिसली तेव्हा मी डावा बूट उजव्या पायात घालून किनाऱ्यावर पळालो," तो म्हणाला. दर वेळी ही गोष्ट ऐकून मी हसून हसून बेजार होते. सेवेरिन मात्र हसत नाही. अंधाराच्या दिवसांचा विषय निघाला की तो गप्पच होतो. विचारी माणूस आहे.

ठाणं बंद होणार म्हणून मी विलाड्सला सांगितलं. नॉर्वेचं काही बोलले नाही, मी इतकी भोळी नाही. त्याने हातातला वॉफल खाली ठेवला. नंतर इकडच्यातिकडच्या गोष्टी निघाल्या आणि बोलता बोलता तो म्हणाला, "आमच्याकडे झेंडा म्हणजे वाढदिवस. राजाचा नंतर, आधी घरातल्यांचा. ओगेचा लावतो, माझा लावतो, बिशपचासुद्धा लावतो."

मी जागच्या जागी उडाले. डॅनिश झेंडा म्हणजे लाल कापडावर पांढरा क्रूस. त्या पांढऱ्याच्या मधोमध निळी पट्टी शिवली, की नॉर्वेचा झेंडा तयार! तीन चतुर्थांश नॉर्वे खाडीच्या पलीकडे पेटीत घडी घालून पडला आहे आणि ते त्या बिचाऱ्याला ठाऊकही नाही.

२० मे

मिळाला! बर्फ अजून पक्का आहे म्हणून एकटीच स्लेज घेऊन गेले.

"तुझा झेंडा हवाय," मी म्हटलं. "टेबलावर अंथरायला." खोटं बोलताना माझे कान लाल होतात, पण इथे थंडीने सगळ्यांचेच लाल असतात.

"टेबलावर," विलाड्स म्हणाला.

"हो. सणासुदीला लाल रंग बरा दिसतो."

"दिसतो खरा." त्याने पेटी उघडली, झेंडा काढला, एकदा झटकला आणि पुन्हा नीट घडी घातली. "निळं कापड आहे का तुझ्याकडे?"

"निळं कशाला?"

"रुमालांना. लाल टेबलाला निळे रुमाल शोभतात. आणि दोन्ही बाजूंना पांढरी किनार सोड बरं का, कंजूषपणा करू नकोस."

पुरुष माणूस आणि रुमालांच्या किनारीची काळजी! एकटं राहून माणसं कशी होतात. मी हो हो म्हणत झेंडा कोटात कोंबला. त्याने मला कॉफी प्यायला बसवून ठेवलं. पुन्हा पुन्हा भरत होता. निघताना विचारलं, "म्हणजे तुम्ही राहणार?"

"राहणारच."

"मग छान," तो म्हणाला, आणि पार बर्फापर्यंत पोचवायला आला.

२४ मे

निळं कापड घरात एकच, सेवेरिनचा रविवारचा सदरा.

"तो नको," सेवेरिन म्हणाला.

"का नको? दोन वर्षांत एकदा घातला नाहीस."

"तो बोटीसाठी ठेवलाय."

"बोटीवर काय तुझं लग्न लागणार आहे? एक झालंय तेवढं पुरे."

त्याने सदऱ्यावरून एकदा हात फिरवला आणि माझ्या हातात दिला. मी कात्री चालवली. बाह्या, पाठ, सगळं कामी आलं. कातडी शिवायच्या सुईने शिवलं, त्यामुळे टाके जरा रांगडे पडलेत आणि निळी पट्टी एका ठिकाणी दारू प्यायल्यासारखी चालते, पण लांबून बघितलं तर नॉर्वे आहे. मी झेंडा अंगाभोवती गुंडाळून घरभर नाचले. सेवेरिनही हसला. हसताना इतका छान दिसतो, पण मेला हसतच नाही.

१६ जून

नवऱ्याला झालंय काय? आधी म्हणाला, वारा पडू दे. वारा पडला. मग म्हणाला, झेंड्याच्या काठीला सरळ लाकूड हवं. मी दोन दिवस किनाऱ्यावर वाहून आलेले ओंडके धुंडाळून एक सरळसोट शोधला आणि दोर बांधून ओढत आणला. आता म्हणतो, "घाई काय आहे, आस्लाउग? नाहीतरी बोट ऑगस्टमध्येच येणार."

"बोट कशाला यायला हवी? ती येईपर्यंत मुलूख आपला झालेला असायला हवा!"

"आणि मग?"

"मग काय? मग राहायचं!"

"किती वर्षं?"

हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, मरेपर्यंत. तो उठला आणि आपल्या पेटीच्या बिजागऱ्यांना तेल घालायला गेला. घरातली एक वस्तू गंजू देत नाही, हा एक मोठा गुण आहे त्याच्यात.

परवा हँडल फिरवता फिरवता कळलं, तो घरी वडिलांची चौकशी करत होता. बरे आहेत, पण मासेमारीच्या बोटीवर एकट्याला जमत नाही, असं आलं. मी म्हटलं, आता आपला मुलूख झाला म्हणजे अभिमानाने दोन वर्षं आयुष्य वाढेल त्यांचं.

२९ जून

झालं! झालं! झालं!

सकाळी अकराला, आमच्या घरासमोरच्या खडकावर. ऊन लखलखीत, खाडीतला बर्फ फुटायला लागलेला, हंस वरून कलकलाट करत चाललेले. सेवेरिनने मी लिहून दिलेलं वाचलं: "नॉर्वेच्या राजाच्या नावाने हा मुलूख, या खाडीच्या दोन्ही तीरांसह, आम्ही ताब्यात घेत आहोत." आवाज थरथरला त्याचा. देशभक्ती आतून असते त्याची, दाखवत नाही. मी दोर ओढला. वरपर्यंत गेल्यावर वाऱ्याने झेंडा असा फडाडून उघडला की कुत्री एकदम रडायला लागली. मीही रडले. राजाचं काही पडलेलं नाही असं पहिल्या पानावर लिहिलंय ते आज मागे घेते, निदान आजच्यापुरतं.

समोरून विलाड्स त्याच्या दारात उभा राहून बघत होता. दुर्बिणीतून मी पाहिलं तर तो टोपी हलवत होता! बहुधा त्याला वाटलं, आमच्याकडे कोणाचा वाढदिवस आहे.

मग मी हँडल फिरवलं आणि सेवेरिनने सगळं टकटकवून ओस्लोला पाठवलं.

३० जून

आम्हाला उशीर झाला! दक्षिणेच्या एका ठाण्यावरच्या लोकांनी तीन दिवसांपूर्वीच झेंडा लावला, आणि त्यांनी घेतलेल्या मुलखात आमची खाडीपण येते. म्हणजे आम्ही काल जो नॉर्वे घेतला तो आधीपासूनच नॉर्वे होता. माझा एवढा संताप झाला! मी कढईच आपटली.

"दोन आठवडे तू काठी काठी करत बसलास!"

"बरं झालं की. आता सरकार बघून घेईल."

संध्याकाळपर्यंत राग उतरला. कोणी का घेईना, मुलूख आपला झाला की झालं. आणि झेंडा आमचाच जास्त मोठा असणार.

११ जुलै

ओस्लोने मान्य केलं. सरकारने जाहीर केलं, हा किनारा नॉर्वेचा! डेन्मार्क आंतरराष्ट्रीय कोर्टात जाणार आहे, हेगला. जाऊ दे खुशाल. ठाण्यांवर माणसं ठेवायची आहेत, आणि ऑगस्टच्या बोटीने कंपनीचे सेक्रेटरी रीबर स्वतः येणार आहेत. कुठल्या खाडीत नॉर्वेची माणसं राहतात आणि डेन्मार्कचं कोणी हिवाळा काढलेलं नाही, हे कोर्टासाठी लिहून घेऊन ठरवतील. तशा खाडीतली ठाणी चालू, बाकीची बंद.

मी लगेच मनात सामान लावायला घेतलं. खिडकीखाली फळी हवी, आणि दाराला नवा कोयंडा. सेवेरिनला म्हटलं, बोटीवरून काय काय मागवायचं ते सांग. त्याला काहीच नको म्हणे. किती कमी गरजा आहेत या माणसाच्या!

१८ जुलै

आज तर कहर झाला, आनंदाचा.

विलाड्स सकाळी होडी वल्हवत आला. बाहेर काढलेलं टेबल पाहून म्हणाला, "झेंडा एक दिवस परत मिळेल का? आज ओगेचा वाढदिवस."

आता त्याला काय दाखवू? पण तो वर काठीकडेच बघत होता. "आहे तसाच दे," तो म्हणाला. "निळं चालेल. ओगेला नाहीतरी रंग नीट दिसत नसत. हिरव्या-लाल दिव्यांत घोळ करायचा, म्हणून तर त्याला आरमाराने घेतला नाही."

"विलाड्स, तुला राग नाही आला?"

"रुमाल सुंदर झालेत," तो म्हणाला. "फक्त तो डावीकडचा पीत बसलाय."

मी लाजेने लाल झाले आणि मग आम्ही दोघं इतकं हसलो, की सेवेरिन बाहेर येऊन बघायला लागला काय झालं. मग मीही विलाड्सबरोबर होडीतून पलीकडे गेले. कड्याखाली दगडांचा ढीग आहे, त्यावर फळीचा क्रूस, त्यावर तापल्या सळईने कोरलेलं नाव. विलाड्सने दगडांत काठी रोवली आणि झेंडा लावला. आमचा झेंडा! मग तो ओगेशी बोलत बसला, हवा कशी आहे, बिशपचा दात पडला, असलं काही. मी जरा लांब उभी राहिले. निघताना त्याने दोन्ही हातांनी दगड पुन्हा घट्ट बसवले, एकेक.

मला विलाड्सचं वाईट वाटलं. पण परत येताना होडीतच लक्षात आलं, डेन्मार्कच्या माणसाने स्वतःच्या हाताने नॉर्वेचा झेंडा लावला! याहून मोठा पुरावा हेगला काय हवा? रीबरसाहेबांना हे सांगायलाच हवं.

४ ऑगस्ट

बोटीची वाट. बाहेरचा बर्फ सैल होतोय. सेवेरिन दिवसातून किती वेळा टेकडीवर जाऊन बघतो कोण जाणे. माझ्याहून जास्त उतावीळ झालाय! मी त्याला चिडवलं, तर म्हणाला, "अगं, बोट म्हटलं की होतंच असं."

१३ ऑगस्ट

आत्ताच लिहिलं पाहिजे. बोट आली, आणि सगळं झालंसुद्धा.

'ब्रिमफुग्ल' सकाळी खाडीत शिरली. रीबर उतरले, शहरी कोट, चकचकीत बूट, पहिल्या पावलाला शेवाळावरून घसरले. तरीपण माणूस सभ्य. विलाड्सही आला होता, अंघोळबिंघोळ करून. बाहेरच्या टेबलावर सगळे बसलो. रीबरनी कागद काढला.

"तुमचं ठाणं मला ठेवायचंच आहे," ते सेवेरिनला म्हणाले. "एकच प्रश्न. या खाडीत कोणा डॅनिश माणसाने कधी हिवाळा काढलाय?"

सेवेरिन टेबलाकडे बघत बसला. मी त्याला पायाने डिवचलं. तो गप्पच.

"नाही," विलाड्स म्हणाला.

रीबर त्याच्याकडे वळले. "तुम्ही डॅनिश आहात ना?"

"मी उन्हाळ्यात येतो. फुलं बघायला."

मला हसू दाबवेना. फुलं बघायला! रीबर लिहायला लागले. मला विलाड्सचा मुका घ्यावासा वाटला. आता सगळं आपलं झालं, असं वाटलं आणि मग मला राहवेना. पुराव्यावर पुरावा ठेवू या म्हणून मी म्हटलं, "साहेब, हे पण लिहा! यानेच गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने आपला झेंडा लावला, पलीकडच्या तीरावर, ओगेच्या कबरीवर!"

रीबरची लेखणी थांबली. "कबर? कोणाची?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते.

"वाहून आलेलं प्रेत होतं," विलाड्स म्हणाला. एकदम सहज. "समुद्राने टाकलं होतं किनाऱ्यावर. कोण होतं देव जाणे. मी आपलं दगड घातले वर."

रीबरनी मान हलवली. पुन्हा लिहायला वाकले. मी आणखी एक शब्दही बोलले नसते, तर काम झालं होतं. सगळं, हे घर, ही खिडकी, सगळं. पण मी विलाड्सचे हात पाहिले. टेबलाखाली त्याने गुडघे असे धरले होते, की बोटं पांढरी पडली होती. त्याने माझ्यासाठी काय बोलून टाकलं ते मला सहन झालं नाही.

"खोटं बोलतोय हा!" मी ओरडले. "ओगे याचा जोडीदार होता. तिथे क्रूसावर नाव आहे त्याचं. दोघांनी मिळून हिवाळे काढले, मग याने एकट्याने काढला, चुलीशी बोलत. पाच हिवाळे काढलेत याने इथे, आमच्याहून जास्त!"

"बाई," रीबर म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय सांगताय?"

"कळतंय."

त्यांनी लिहिलेलं खोडलं आणि लेखणीला टोपण लावलं. चिडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, वादाच्या खाडीत सरकार पैसे घालणार नाही, ठाणं बंद, बर्फ परत जमायच्या आत संध्याकाळी निघू.

विलाड्स उठला. मला वाटलं होतं, निदान काहीतरी चांगलं बोलेल. तो म्हणाला, "तुला कोणी विचारलं होतं?"

"विलाड्स, ओगे..."

"ओगे मेलाय. त्याला चाललं असतं. मला नॉर्वेसुद्धा चालला असता. तुम्ही समोर असतात तर मला तुर्कस्तान चालला असता!" त्याचा आवाज फुटला. "झेंडा कशाला दिला होता मी तुला, वेडे?"

मी म्हटलं, आमच्याबरोबर चल. तो म्हणाला, कुत्र्यांना कोण बघेल, आणि ओगेजवळ कोण बसेल. डॅनिश बोट पुढच्या वर्षी जोडीदार आणणार आहे म्हणे, आणलाच तर. मग तो होडीत बसला आणि मागे न बघता वल्हवत गेला. मी त्याचे हिवाळे त्याला परत मिळवून दिले, आणि पुढचा अख्खा हिवाळा एकट्याचा करून ठेवला. हे मी लिहिते आहे आणि मला ते पुसता येत नाही.

कॉफी, पीठ, वॉफलचा साचा, जे जे चांगलं होतं ते मी दारात त्याच्यासाठी ठेवलं. मग रडत रडत सामान आवरायला आत गेले. माझं अजून काहीच झालं नव्हतं, भांडी नाहीत, कपडे नाहीत, पुस्तकं नाहीत. सेवेरिनला म्हटलं, तुझं तरी काढ.

"माझं झालंय," तो म्हणाला.

त्याची पेटी दाराशी उभी होती. दोर बांधलेली, वर नाव लिहिलेली. मी दोर सोडला आणि झाकण उघडलं. सगळं घडी घालून, कोपऱ्याकोपऱ्यांत मोजे कोंबून भरलेलं होतं. असं कोणी एका तासात भरत नाही.

१५ ऑगस्ट, बोटीवर

काल दिवसभर मी त्याच्याशी बोलले नाही. आज सकाळी सेवेरिन कठड्याशी उभा राहून शीळ घालत होता. लग्न झालं तेव्हा घालायचा. ग्रीनलंडला आल्यापासून मी ती ऐकली नव्हती, आणि ऐकली नाही हेही मला आजपर्यंत कळलं नव्हतं.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. "पेटी कधी भरलीस?"

"ईस्टरला."

"म्हणजे कंपनीचा निरोप यायच्या आधीच?"

"हो."

"मग बोलला का नाहीस? मला नाही तर नाही, रीबरना तरी! त्यांनी पहिल्यांदा तुलाच विचारलं होतं. विलाड्स इथेच राहतो एवढं म्हणाला असतास, तर तेव्हाच घरी जायला मोकळा झाला असतास."

सेवेरिन पाण्याकडे बघत म्हणाला, "ठाण्यावर तू सकाळी डोळे उघडल्याबरोबर बोलायला लागायचीस. मी बूट घालेपर्यंत तुझं दहा गोष्टींवर बोलून झालेलं असायचं. तिकडे आईच्या घरी तू दुपारपर्यंत तोंड उघडत नाहीस." मग म्हणाला, "मला वाटलं, राहू दे."

त्याचा हात माझ्या हातात होता आणि मी भर डेकवर, सगळ्या खलाशांसमोर, लहान पोरीसारखी हुंदके देत होते.

रीबर लांबून पाहत होते. हळूच जवळ आले, टोपी काढली आणि म्हणाले, "रडू नका बाई. एक खाडी गेली म्हणून काय झालं? हेगला आपण जिंकू."

मी नाक पुसलं आणि म्हटलं, "जिंका."